बिडाचे पॅरिस

पॅरिसच्या रस्त्याशी माझी ओळख आधी बोटांनी झाली. १९८३ च्या मार्चमध्ये, तिथे पोचून जेमतेम चार दिवस झाले असताना, एका चौकातल्या गर्द हिरव्या स्तंभावर मी उगाचच हात फिरवत होतो, आणि वरपासून खालपर्यंत उतरलेली, रंगाच्या थरांखाली जवळजवळ बुजलेली एक बारीक रेघ बोटाला लागली. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे ओतीव मालावर उमटणारी ती रेघ होती. ओतीव माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याने ती कितीही घासली तरी तिचा माग राहतोच, आणि ज्याची उमेदीची वर्षे कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली आहेत त्याला तो माग अंधारातही सापडतो. दिव्यांसाठी आणि अत्तरांसाठी नावाजलेले ते शहर मला त्या क्षणी एकदम आपल्या गल्लीतले वाटले, कारण समोर उभे होते ते साधे बीड, म्हणजे ओतीव लोखंड होते. तव्याचे, इंजिनाच्या ब्लॉकचे, गुऱ्हाळातल्या चरकाचे असते तेच.

मी तेव्हा एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न विभागात होतो; ज्यावरून साचा बांधतात तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. नवे मोल्डिंग यंत्र घ्यायचे ठरले होते आणि ते चालवण्याचे शिक्षण घेण्यासाठी मालकांनी मला सात महिन्यांकरिता पॅरिसजवळच्या एका कारखान्यात पाठवले. निघायच्या आदल्या दिवशी वाळूचे साचे बांधणारे आमचे सर्वांत जुने मोल्डर, ज्यांना लहानथोर सगळेच तात्या म्हणत, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मशीन काय, ते दावतीलच तुला. पर त्यांची वाळू मुठीत धरून बघ. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे ऱ्हायले पायजेत." वाळू मी पाहिली, ठसे राहिले, आणि तसे पत्र तात्यांना लिहिलेही. बाकी कारखान्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. यंत्रे सगळीकडे सारखीच कुरकुरतात. सांगण्यासारखे होते ते सुटीच्या वेळी पायाखाली आलेल्या रस्त्यांबद्दल.

माझी खोली आलिग्रच्या बाजाराजवळ, एका जुन्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर होती. पूर्वी अशा खोल्यांत खालच्या बिऱ्हाडांच्या मोलकरणी राहत. लिफ्ट नव्हती, आणि शौचालय मजल्यावरच्या सर्वांत मिळून एक, तेही उकिडवे बसायचे. फ्रेंच लोक त्याला तुर्की पद्धतीचे म्हणतात आणि त्याची त्यांना लाज वाटते, हे मला पुढे कळले. मला मात्र त्या परक्या मुलखात घरच्यासारखी वाटलेली ती पहिली सोय होती.

तो हिरवा स्तंभ म्हणजे पाणपोई होती. चार स्त्रिया डोक्यावर एक घुमट तोलून उभ्या, आणि घुमटाच्या मधोमध वरून पाण्याची बारीक धार खाली कुंडात पडणार, अशी तिची रचना. मी प्रथम पाहिली तेव्हा ती कोरडी होती, आणि मला वाटले की आपल्याकडच्या पाणपोयांप्रमाणे हीही उद्घाटनानंतर बंद पडली असावी. तसे नव्हते. थंडीत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत पाणी बंद ठेवतात. दोनच आठवड्यांनी कामावर जाताना पाहिले तर धार सुरू झाली होती, आणि मी कोट सावरत, वाकून, ओंजळीने पाणी प्यायलो.

शेजारच्या बाकावर बसलेले एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. माझे फ्रेंच पुण्यातल्या तीन महिन्यांच्या शिकवणीपुरतेच होते, त्यामुळे त्यांनी हातवारे करून सांगितले ते मला अधिक कळले. त्यांच्या लहानपणी कुंडाच्या कडेला साखळीने बांधलेले पत्र्याचे दोन पेले असत आणि येणारा-जाणारा त्यांनीच पाणी पिई. मी हसलो, ते मात्र त्यांना उमगले नसावे. साखळीने बांधलेला पेला मी एस.टी. स्टँडवर किती वेळा तोंडाला लावला होता, आणि उन्हाळ्यात कोल्हापूरच्या महाद्वार रोडला मांडलेल्या रांजणांजवळ साखळी आखूड पडते म्हणून मान तिरकी करून किती वेळा पाणी प्यायलो होतो, हे त्यांना कुठल्या भाषेत सांगणार? पॅरिसचे पेले १९५२ साली आरोग्याच्या कारणावरून काढून टाकण्यात आले.

या पाणपोयांची कथा ऐकण्यासारखी आहे. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला, त्यानंतर शहराची सत्ता हाती घेणाऱ्या कम्यूनचे बंड झाले, आणि या धुमश्चक्रीत शहराच्या पाणीपुरवठ्याची दैना उडाली. पाणी महाग झाले. गरिबाला त्यापेक्षा दारू परवडू लागली. नुकतीच मोठी मालमत्ता वारशाने मिळालेले रिचर्ड वॅलेस नावाचे एक इंग्रज गृहस्थ वेढ्याच्या काळातही शहर सोडून गेले नव्हते. त्यांनी स्वतःच्या खर्चाने शहराला ५० पाणपोया देऊ केल्या, आणि १८७२ पासून त्या उभ्या राहू लागल्या. मूर्ती घडवल्या शार्ल-ओग्युस्त लबूर या शिल्पकाराने. ओतकाम झाले व्हाल द'ओन इथल्या फाउंड्रीत. मोठी पाणपोई २.७१ मीटर उंच आणि वजनाला ६१० किलो. त्या चौघी दया, साधेपणा, दानत आणि संयम यांची रूपे आहेत असे सांगतात, आणि लांबून त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण जवळ गेले की एकीचा डावा गुडघा वाकलेला तर दुसरीचा उजवा, एकीचे डोळे उघडे तर दुसरीचे मिटलेले, असा फरक दिसतो. म्हणजे एकाच बाईचा पॅटर्न चार वेळा वापरून काम उरकता आले असते, ते कुणीतरी उरकले नाही. पॅटर्न करणाऱ्याला चार वेगळे पॅटर्न म्हणजे किती दिवसांचे काम असते हे मी जाणतो, म्हणून हा तपशील मला मूर्तींच्या सौंदर्याहून मोठा वाटतो.

त्यानंतर मला जिकडेतिकडे बीडच दिसू लागले. नाटकांच्या जाहिराती चिकटवलेले गोल, वर घुमटी असलेले स्तंभ होते. गाब्रिएल मॉरिस नावाच्या छापखानेवाल्याला १८६८ साली त्यांचा मक्ता मिळाला, म्हणून आजही ते त्याच्या नावाने ओळखले जातात. दोन्ही बाजूंनी बसता येईल असे लाकडी फळ्यांचे बाक होते, आणि त्यांच्या बिडाच्या पायांवर शहराचे बोधचिन्ह असलेले जहाज ओतलेले होते. भुयारी रेल्वेची प्रवेशद्वारे तर वेलीच्या देठांसारखी जमिनीतून उगवलेली. ती वास्तुशिल्पी एक्तॉर गिमार यांची. १९ जुलै १९०० रोजी मेट्रोची पहिली गाडी धावली तेव्हापासून पुढली बारा-तेरा वर्षे ती बसवली गेली, आणि लोकांना ती इतकी विचित्र वाटली की पुढे त्यांतली पुष्कळशी काढून टाकण्यात आली. उरलेल्यांना १९७८ साली संरक्षण मिळाले. कलेच्या पुस्तकांत त्यांच्या वळणांवर पानेच्या पाने लिहिलेली आहेत. माझ्या लक्षात आले ते असे की ठरावीक सुटे भाग ओतायचे आणि ते जोडून लहान किंवा मोठे दार उभे करायचे, अशी त्यांची युक्ती आहे. कठड्यावरची ढालीसारखी पट्टी एका स्थानकावर पाहिली की दुसऱ्या स्थानकावर तीच, त्याच साच्यातली, भेटते. उधळपट्टी वाटते ती मुळात काटकसर होती.

बिडाच्या या गोतावळ्यातला एक सभासद मात्र त्या वर्षी शेवटच्या घटका मोजत होता. रस्त्याच्या कडेला पुरुषांसाठी बांधलेल्या मुताऱ्या एकोणिसाव्या शतकापासून पॅरिसची खूण होत्या. रोमन सम्राटाच्या नावावरून त्यांना व्हेस्पासिएन म्हणत, कारण त्या सम्राटाने मूत्रावर कर बसवला होता. बिडाची नक्षीदार जाळी मध्ये असे. आतल्या माणसाची टोपी आणि पाय बाहेरून दिसत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या जागी नाणे टाकल्यावर उघडणाऱ्या बंद खोल्या येऊ लागल्या, आणि जुन्यांपैकी एकच आज बुलव्हार आरागोवर, तुरुंगाच्या भिंतीसमोर, उभी आहे. जुन्या लोकांना त्यांचा फार उमाळा येतो. आमच्या सौभाग्यवतींना मी ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आणि बायकांनी कुठे जायचे?" त्या प्रश्नाला पॅरिसने शंभर वर्षांहून अधिक काळ उत्तर दिले नव्हते, आणि महाद्वार रोडला खरेदीला आलेल्या बाईला आपणही ते धडपणे दिलेले नाही.

सकाळी साडेसहाला मी खाली उतरे तेव्हा रस्ता धुण्याचे काम चाललेले असे. हिरव्या कपड्यांतले सफाई कामगार, त्यांतले बरेचसे आफ्रिकेतून आलेले, किल्लीने पदपथाच्या कडेची तोटी उघडत. पाणी गटाराच्या पन्हळीतून उताराने वाहू लागे, आणि कामगार लांब झाडूने रात्रीचा कचरा त्या प्रवाहात लोटत. पाणी डावीकडे न्यायचे की उजवीकडे, हे ठरवायला त्यांच्याकडे जे साधन होते ते पाहून मी चकित झालो: जुन्या गालिच्याचा तुकडा गुंडाळून सुतळीने बांधलेली एक वळकटी. ती पन्हळीत आडवी टाकली की पाणी वळते. यासाठी वापरतात ते पिण्याचे पाणी नव्हे. सेन नदी आणि उर्क कालव्याचे पाणी वेगळ्या नळांनी शहरभर खेळवण्याची व्यवस्था एकोणिसाव्या शतकातच झाली होती. एवढी थोरली यंत्रणा, आणि तिच्या शेवटच्या टोकाला फाटका गालिचा! शेतात पाटाचे पाणी वळवताना दारं धरणारा माणूस खोऱ्याने मातीचा ढेकूळ टाकतो, तीच ही विद्या. दारात सडा घालणाऱ्या माझ्या आईला ही तोटी दाखवली असती तर तिने पहिल्यांदा पाण्याच्या नासाडीबद्दल फटकारले असते.

आलिग्रचा बाजार सोमवार सोडून रोज भरे. भाजीवाले बहुतेक उत्तर आफ्रिकेतले, आणि त्यांच्या ओरडण्याला आमच्या कपिलतीर्थ मंडईतल्या ओरडण्याचा सगळा जोर होता. शब्द कळत नसले तरी शेवटचा भाव उतरवल्याची आरोळी कुठल्याही भाषेत ओळखू येते. इथे मला कोथिंबीर मिळाली आणि हिरवी मिरची मिळाली, त्यामुळे घरून नेलेला कांदा-लसूण चटणीचा डबा जूनपर्यंत पुरला. दुपारी एकच्या सुमारास बाजार उठे. फळ्या उचलल्या की काही माणसे खोक्यांच्या ढिगाऱ्यांतून दबलेले टोमॅटो आणि पालेभाजी निवडून पिशवीत भरत. त्यांत नीटनेटका कोट घातलेल्या म्हाताऱ्या बायकाही असत, आणि त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नसे. मग पुन्हा तोटी, पुन्हा झाडू, पुन्हा ती वळकटी.

माझी घरमालकीण त्या वेळी ऐंशीच्या घरात होती. तिच्या मते आलिग्र म्हणजे काहीच नव्हे. खरा बाजार होता तो शहराच्या पोटातला, ले आल. वास्तुशिल्पी व्हिक्तोर बाल्तार यांनी १८५० च्या दशकापासून लोखंड आणि काचेचे मोठमोठे मंडप तिथे उभारले होते, आणि रात्रभर गाड्या भरून येणारा भाजीपाला, मांस, मासे तिथून पहाटेपर्यंत शहरात पसरे. पहाटे हमालांबरोबर कांद्याचे सूप प्यायला नाटक सुटलेली सभ्य मंडळीही येत. तिथल्या परवानाधारक हमालांचा रुबाब काही वेगळाच होता. रुंद कडांची टोपी घालणाऱ्या या गड्यांना भरतीच्या वेळी २०० किलोचे ओझे उचलून ६० मीटर चालून दाखवावे लागे, असे ती सांगे. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आपल्याकडचे तालमीतले पैलवान आणि गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या उचलणारे हमाल एकाच वेळी येत. १९६९ च्या मार्चच्या आरंभी तो सगळा बाजार शहराबाहेर रंजीसला हलवला, आणि १९७१ पासून बाल्तारचे मंडप पाडायला सुरुवात झाली. एक मंडप तेवढा नोजाँ-स्युर-मार्न इथे नेऊन पुन्हा उभा केला आहे. बाकीचे बहुतेक भंगारात गेले. मी पाहिले तेव्हा त्या जागी जमिनीखालचा बाजार झाला होता. सरकते जिने, दिव्यांचा झगमगाट, आणि वास कसलाच नाही.

दुधाची गोष्टही तिनेच सांगितली. ती लहान असताना, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या अलीकडे-पलीकडे, शेळ्यांचा कळप घेऊन एक जण गल्लीत येई आणि लहानसा पावा वाजवी. बायका भांडे घेऊन खाली उतरत, आणि तो समोरच धार काढून देई. पॅरिससारख्या शहरात मोटारींच्या मधून शेळ्या हिंडत, हे सांगताना तिला वाटले की मी विश्वास ठेवणार नाही. मी तिला गंगावेशीचा दूध कट्टा समजावून सांगू लागलो. म्हैस रस्त्यावर उभी, गवळी उकिडवा बसलेला, फेसाळलेला पेला हातात घेऊन गिऱ्हाईक तिथल्या तिथे धारोष्ण दूध पिते, आणि दंड घोटलेली तरणी पोरे रात्री रांगेत उभी असतात. म्हशीसाठी फ्रेंच शब्द मला आठवेना. मी डोक्याला दोन्ही हात लावून शिंगे करून दाखवली. म्हातारी इतकी हसली की तिला खुर्चीत बसावे लागले, आणि त्यानंतर जिन्यात भेटली की ती मला शिंगे करून दाखवी.

त्या सात महिन्यांत मला आलेली एक चिठ्ठी अजून जपून ठेवली आहे. पॅरिसच्या जमिनीखालून, गटारांच्या भुयारांमधून, पोस्टाच्या नळ्या गेल्या होत्या. चिठ्ठी डबीत घालायची, हवेच्या दाबाने ती एका पोस्टातून दुसऱ्यात ढकलायची, आणि तिथून शिपायाने घरी पोचवायची. दोन-तीन तासांत पत्र हातात. टेलिफोन घरोघरी येईपर्यंत प्रेमिकांचा आणि सावकारांचा सगळा व्यवहार यावरच चाले म्हणे. मला आलेल्या चिठ्ठीत प्रेम नव्हते. कारखान्यातल्या कारकुनाने उद्या भट्टी बंद आहे, येऊ नये, एवढेच कळवले होते. पण आपल्या फाउंड्रीत वाळू ठोकायला वापरतो त्याच दाबाच्या हवेवर स्वार होऊन एक कागद अर्धे शहर पार करून आला, याचे मला कौतुक वाटले. १९८४ च्या मार्चअखेर ही सेवा बंद झाली, तेव्हा मी परत येऊन पाच महिने झाले होते.

पत्ता शोधताना मात्र मी तिथे कधी चुकलो नाही. १८०५ पासून तिथे सम आकडे एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला, आणि नदीकडून येणाऱ्या रस्त्याची मोजणी नदीपासून सुरू, असा नियम आहे. आपल्याकडे "बिनखांबी गणपतीच्या मागे, पिठाच्या गिरणीवर" असा पत्ता चालतो आणि पोस्टमनलाही तो पुरतो, हे मी तिथल्या सहकाऱ्यांना सांगितले तर त्यांना ती थट्टा वाटली. राजारामपुरीच्या गल्ल्यांना आकडे आहेत, हे मी आपली बाजू सावरण्यासाठी जोडले.

परतण्याच्या आठवड्यात मी एक उद्योग केला. पदपथावरच्या झाडांच्या बुंध्याभोवती जमिनीलगत बिडाच्या गोल जाळ्या बसवलेल्या असतात. त्यांच्यामुळे लोकांच्या पायांनी माती दबत नाही, पावसाचे पाणी मुळांना मिळते, आणि चालणाऱ्याची जागाही अडत नाही. रस्त्यावरच्या साऱ्या बिडात मला ती वस्तू सर्वांत शहाणी वाटली. एका रविवारी पहाटे, वर्दळ नसताना, मी जाळीच्या एका पाकळीवर वर्तमानपत्र पसरले आणि जाड पेन्सिलीने घासून तिचा ठसा उतरवून घेतला. गुडघे टेकून पदपथ घासणाऱ्या मला पाहून एक पोलीस थांबला, क्षणभर उभा राहिला, आणि काही न बोलता निघून गेला.

कोल्हापुरात आल्यावर मी सागवानाचा पॅटर्न केला आणि तात्यांनी स्वतः साचा बांधला. राजारामपुरीतल्या घरासमोर तेव्हा नुकतेच लावलेले कडुनिंबाचे रोप होते, त्याच्या शेंड्यावरून ती जाळी अलगद खाली उतरवून आम्ही जमिनीत बसवली. पॅरिसची जाळी वेगवेगळ्या तुकड्यांची होती. मी ठसा एकाच पाकळीचा घेतला होता, आणि एकच साचा करणे सोपे म्हणून ती अखंड ओतली. झाड जाड होईल तेव्हा तुकडा उचलता यावा म्हणून ती तशी केलेली असणार, हे पॅटर्नमेकर म्हणवणाऱ्या माझ्या डोक्यात आले नाही. तात्यांनी साचा बांधताना एकदा विचारले होते, "झाड वाढलं की रं?" मी त्यांना काय उत्तर दिले ते आता आठवत नाही.

निंब चाळीस वर्षांचा झाला आहे. जाळीचे आतले कडे त्याने सालीखाली पूर्ण गिळले आहे. बुंध्यातून बाहेर आलेल्या बिडाच्या सहा-सात पट्ट्या तेवढ्या दिसतात, आणि संध्याकाळी गल्लीतली पोरे त्यांवर चपला काढून ठेवून क्रिकेट खेळतात.